कानात सांगितलेलं नाव

पलीकडच्या काठावरून कुणी "कूऽऽय" केलं की दिवाकरन होडीवाला झोपेतूनसुद्धा तशीच साद घालायचा आणि होडी सोडायचा. लग्न होऊन या काठावर आले तेव्हापासून मी त्याच्याच होडीतून शिवणाच्या दुकानात जाते, म्हणून सांगते: माणूस वाईट नाही. पण स्वतःच्या कानांचा त्याला भलताच गर्व. "वारा कितीही असू दे, हाक कोण मारतंय ते मला कळतं," म्हणायचा. सून घरात कानाशी येऊन बोलत होती, ते मात्र त्याला कधी कळलं नाही.

नातू पलीकडच्या इस्पितळात झाला. जन्मतःच कावीळ, त्यामुळे बरेच दिवस निळ्या दिव्याखाली होता. घरी सोडताना नर्सने कानात बोंडासारखं काहीतरी घालून तपासलं आणि म्हणाली, "पास आहे. पण कावीळ फार होती ना, म्हणून महिन्याभराने डोक्याला वायरी लावून दुसरी तपासणी करायची. विसरू नका हं."

दिवाकरनने 'पास' तेवढं ऐकलं. "आमच्या घरात आजवर कुणी काही पास झालं नव्हतं! मी सातवीत आपटलो, पोरगा दहावीत!" होडीत चढेल त्याच्या हातावर गुळाचं उण्णिअप्पम. आम्हीही हसत तोंड गोड केलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी नाव ठेवलं. बाळाला मांडीवर घेऊन दिवाकरनने एका कानावर विड्याचं पान धरलं आणि दुसऱ्या कानात तीनदा म्हटलं, "आरोमल, आरोमल, आरोमल." या माणसाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. बाळ गाढ झोपलेलं. बायका म्हणाल्या, काय गुणाचं पोर!

महिना झाल्यावर सून श्रीकला होडीशी आली. सासऱ्याला ती बापासारखं अच्छन म्हणायची. "अच्छन, पलीकडे सोडता का? ती दुसरी तपासणी राहिलीय."

"पास झालेल्याची पुन्हा परीक्षा? कुठल्या शाळेत घेतात गं?"

सगळी होडी हसली. मी त्याला दादाच मानते; म्हटलं, "चेट्टा, नर्सने सांगितलंय तर घेऊन जा की."

"सरसम्मे, तू ब्लाउज शिव."

श्रीकलेचा नवरा मस्कतला. त्याने फोनवर सांगितलं, अच्छन म्हणतात तसं कर. झालं, विषय संपला.

पोर वाढलं. हाक मारली तर वळेना, बोलायचं नाव नाही. 'ऐकत नाही' याचे दोन अर्थ होतात. सासऱ्याने एक धरला, सुनेने दुसरा. आणि त्या घरात सासऱ्याचाच अर्थ चालायचा.

"त्याला ऐकू येत नाही हो, अच्छन."

"मग काल ताट पडलं तेव्हा वळला कसा? सोयीचं तेवढं ऐकतो. आईवर गेलाय!"

मग पोराचा कान धरून पिरगाळायचा. "देवाने हे कशाला दिलेत रे? शोभेला?" आज डावा, उद्या उजवा. पोर रडायचं, पण कशासाठी मार बसला हे त्याला कधीच कळत नसे. मला तर त्या काठावर उभं राहवत नसे.

आरोमल चौथ्या वर्षात होता. एका दुपारी दिवाकरन जेवून लवंडला, तेव्हा श्रीकलेने पोराला होडीत बसवलं आणि दोर सोडला. जन्मात वल्हं धरलं नव्हतं बाईने. होडी अर्ध्या पाण्यात भेलकांडायला लागली. मी काठावरच होते. आरडाओरडा ऐकून दिवाकरन धावत आला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "आरोमऽऽल!"

शेतातले बगळे उडाले. पलीकडच्या काठावरची माणसंसुद्धा वळली. श्रीकला वळली. पोर आमच्याकडे पाठ करून पाण्यात बोटं बुडवत खेळत राहिलं.

दिवाकरनने परत तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पाण्यावर आपली साद कुठवर पोचते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग त्याने पाण्यात उडी टाकली, पोहत होडी गाठली आणि स्वतःच ती पलीकडे, इस्पितळाच्या काठाला नेली. मला त्याची दया आली नाही.

इस्पितळात कळलं ते असं: कान चांगला, पण कानातलं मेंदूपर्यंत नेणारी नसच धड काम करत नाही. पहिल्या तपासणीत हे दिसत नाही, वायरींच्या तपासणीत दिसतं. "तान्हा असताना आणायला हवा होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यंत्र लावून बघू. बोलणं किती येईल, सांगता येत नाही."

यंत्र लावायला तिथल्या मुलीने हात कानाजवळ नेला मात्र, आरोमल किंचाळून खाटेखाली शिरला. दोन्ही कान गच्च धरलेले. कितीदा नेला तरी तेच.

"याच्या कानाला कुणी काही केलंय का?" तिने विचारलं.

दिवाकरन दारात उभा होता. श्रीकलेने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, बस.

यंत्र अजून डबीतच आहे. आरोमल आता पलीकडच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत जातो, आजोबाच होडीतून सोडतो. तिथे तो हातांनी बोलायला शिकला. घरातल्या सगळ्यांना त्याने नावं ठेवलीत. आई म्हणजे कपाळावर बोट, मांजर म्हणजे गालावर मिशा.

परवा होडीत एका नव्या बाईने सहज विचारलं, "चेट्टा, नातू तुम्हाला काय म्हणून हाक मारतो?"

दिवाकरनने वल्हं मांडीवर ठेवलं. मग स्वतःचा कान चिमटीत धरून पिरगाळला.

"असं," तो म्हणाला.