पुरण आंबलं असणार

साथरोगशास्त्र शिकायचं मी ठरवलं ते लोकांचं भलं करायला नव्हे, काकांचं तोंड बंद करायला. प्रवेशाच्या मुलाखतीत अर्थात समाजसेवेबद्दल बोलले.

रेवदंड्याला आमच्या घरी चैत्रात देवीचा उत्सव असतो. पुरणपोळ्या आईच्या हातच्या, हे ती लग्न होऊन आल्यापासून ठरलेलं. एका वर्षी पंगती उठल्या आणि संध्याकाळपासून निम्मं घर उलट्या-जुलाबांनी आडवं झालं. काका डॉक्टर. त्यांनी आजाऱ्यांना विचारलं, काय खाल्लंत? ज्यानं त्यानं पुरणपोळी सांगितली. "वहिनी, पुरण आंबलं असणार," काका सगळ्यांदेखत म्हणाले. पुढच्या वर्षीपासून पोळ्या आचाऱ्याकडून यायला लागल्या आणि आई कोपऱ्यात नारळ खवत बसली. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं.

बीएस्सी झाल्यावर मी पदव्यांची चौकशी केली. एमपीएचमध्ये, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदवीत, साथींच्या जोडीला योजना, अंदाजपत्रकं, व्यवस्थापन असं बरंच काही होतं. मला दवाखाने चालवायचे नव्हते. पीएचडीला वर्षानुवर्षं धीर धरायचा. सूड इतका शिळा करून कोण खाणार? साथरोगशास्त्राच्या एमएस्सीत आकडेमोड घाम फोडणारी होती, पण एक विषय होता, साथीचा तपास. मी तिथेच बोट ठेवलं.

"डॉक्टर व्हायला जमलं नाही म्हणून हे?" काका म्हणाले. "त्यापेक्षा बीएड कर." मी गोड हसले.

पहिल्याच सत्रात शिकवलं, की आजाऱ्यांना विचारून थांबायचं नाही. जे ठणठणीत राहिले त्यांनाही तेच विचारायचं. वर्गात बसल्या बसल्या माझे कान तापले. आमच्याकडे ठणठणीत माणसांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या चैत्रात मी पंगतीत वाढत असताना काकांनीच विषय काढला. "काय शिकवतात मग तुमच्या कोर्सात?"

"दाखवते," म्हटलं. "त्या वर्षी कोणाला काही झालं नव्हतं?"

सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आत्या म्हणाल्या, आम्हाला नाही. आईलाही काही झालं नव्हतं.

"पोळी खाल्ली होतीत?"

"खाल्ली की, पोटभर," थोरली आत्या म्हणाली. "पन्हं तेवढं नाही घेतलं. त्यात बाहेरचा बर्फ होता ना. सोवळ्यात कसा चालेल?"

मग आजारी पडलेल्यांना विचारलं. पन्हं सगळे प्यायले होते. बर्फ होता बंदरावरचा, मासळीवर घालायचा. ओळखीत मिळाला म्हणून लाद्या काकांनीच रिक्षात घालून आणल्या होत्या आणि तेव्हा कौतुकानं सांगितलंही होतं.

इतक्या जुन्या आठवणींवर सरांनी मला मार्क दिले नसते. पंगतीला तेवढं पुरलं. मासळीचा बर्फ देवीच्या पन्ह्यात, हे आत्यांना आजारापेक्षा जड गेलं. काका भरभर भात कालवायला लागले. मला फार, फार बरं वाटलं.

पुढच्या चैत्रात पोळ्या पुन्हा आईच्या. आमच्या पंगतीत आग्रह मोडत नाहीत आणि पानात टाकत नाहीत. मी काकांना वरून तूप सोडून एक वाढली, मग दुसरी, मग "माझ्यासाठी" म्हणून आणखी एक. ते घाम पुसत खात होते. इतक्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. एरवी ती पंगतीत वाढायला येत नाही. तिनं स्वतःच्या हातानं अजून एक पोळी त्यांच्या पानात ठेवली.

"घ्या भाऊजी," ती म्हणाली. "पुरण आंबलेलं नाही."