आठ दिवस आधीची तारीख

आमचे हे हॉस्पिटलातल्या यंत्रांची देखभाल बघायचे. श्वासाची यंत्रं, सलाइनचे पंप, अशी तीनशेच्या वर नग. कुठलं यंत्र कधी तपासायचं ते यांच्या डायरीत. घरी मीठ संपलेलं यांच्या कधी लक्षात आलं नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या पंपाची तारीख झोपेतून उठवून विचारा.

डायरीत हे मुद्दाम आठ दिवस आधीची तारीख लिहायचे. कंपनीचा माणूस उशिरा आला तरी खरी तारीख चुकू नये म्हणून. बावीस वर्षांत एकही चुकली नव्हती.

मग हॉस्पिटलात सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक यंत्राची नोंद करायची, पुढच्या तपासणीची तारीख भरायची, की पंधरा दिवस आधी आपोआप संदेश येणार. ते काम मिळालं कॉम्प्युटर विभागातल्या यांच्या साडूला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला. मला आनंदच झाला. घरातलाच माणूस, सांभाळून घेईल, असं मीच म्हणाले होते. ती जीभ मला अजून चावावीशी वाटते.

तीन आठवडे दोघं आमच्या जेवणाच्या टेबलावर बसले. हे डायरीतून वाचायचे, साडू भरायचा, मी चहा करायची. पहिल्याच दिवशी यांनी त्याला आठ दिवसांची गोष्ट सांगितली. सगळ्या तारखा आठ दिवस पुढे घे, असं बजावलं. ‘‘हो दादा, एकदम करतो शेवटी,’’ तो म्हणाला. मी तिथेच उभी होते.

त्याने तारखा तशाच ठेवल्या. वर आणखी एक नियम घातला: तारीख उलटली आणि तपासणीची नोंद नसली, की लाल संदेश थेट मोठ्या साहेबांना. यांना त्याचा पत्ता नाही. यांना पंधरा दिवस आधीचे संदेश यायचे, पण हे ते उघडून बघायचेच नाहीत, भरवसा डायरीवर. कंपनीचा माणूस नेहमीसारखा डायरीतल्या तारखेनंतर, पण खऱ्या तारखेच्या आत यायचा, काम करून जायचा. तिकडे साहेबांकडे तीन महिन्यांत एक्केचाळीस लाल संदेश जमले.

साहेबांनी दोघांना बोलावलं. तारखा बरोबर आहेत का, असं विचारलं.

‘‘दादांनी वाचल्या तशाच भरल्यात, साहेब,’’ साडू म्हणाला.

यांना वाटलं, पुढचं तो आता सांगेल. पण त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. शेवटी यांनीच आठ दिवसांचं सांगितलं, तर असं काही बोलणं झाल्याचं त्याला आठवेना. डायरी दाखवावी, तर तिच्यातही तारखा त्याच. महिन्याभरात यांना चादरी-गाद्यांच्या भांडारात पाठवलं आणि यंत्रविभाग साडूच्या हाती गेला. परक्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. याने आमच्याच टेबलावर बसून केसाने गळा कापला.

परवा दुपारी त्याचा फोन आला. लहान बाळांच्या वॉर्डातलं श्वासाचं यंत्र मधूनच शिट्टी मारतंय, कंपनीचा माणूस उद्याशिवाय येत नाही. दादा, काय करू? मी हातानेच खुणावलं, ठेवा फोन. यांनी माझ्याकडे पाठ केली. मागची झडप कशी उघडायची, कुठली नळी आधी काढायची, बाळाला तेवढा वेळ कशावर ठेवायचं, सगळं सावकाश दोनदा सांगितलं. शिट्टी थांबेपर्यंत फोन धरून ठेवला. तिकडून तो काहीतरी बोलू लागला, तेव्हा मात्र बंद केला.

मी रागाने विचारलं, त्याला कशाला मदत केलीत?

‘‘बाळाला केली,’’ हे म्हणाले. ‘‘धाकटीला सांग, यापुढे आपल्याकडे येशील तेव्हा एकटीच ये.’’

मी तेव्हाच बहिणीला फोन लावला. तिने कारण विचारलं नाही.