चांगुणाआजीचं ‘असहमत’

प्रयोगशाळेत मुलींचं प्रॅक्टिकल चालू असताना सुमनचा फोन आला. “बाई, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. सिद्धगडाच्या पायथ्याशी तिची वाडी आहे. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला आता सहा आठवडे होतील.

सुमनची आई, चांगुणाआजी, मुरबाडच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसायची. मी तिथल्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तीन-चार वर्षांपूर्वी मला एका अॅपचा नाद लागला होता. देशभरातले लोक त्यावर आपल्या भागातल्या झाडापाल्याचे फोटो टाकतात. कॉम्प्युटर लाखो फोटोंशी ताडून नावाचा अंदाज सांगतो, मग माणसं त्याला ‘सहमत’ किंवा ‘असहमत’ म्हणतात. पुरेशा लोकांचं जुळलं की ती नोंद पक्की होते आणि अभ्यासकांना वापरता येते. त्या दिवशी भाजी घेता घेता मी कॉलेजमागे काढलेला एक फोटो पाहत होते. कॉम्प्युटर म्हणत होता, सुरण. आजीनं मान वाकडी करून फोनमध्ये पाहिलं.

“सुरण नाय बाई ह्यो. लोत हाय, शेवळाचा पाला. सुरणाचा देठ खरखरीत असतो. ह्यो बघा कसा गुळगुळीत!”

मी घाबरत घाबरत ‘असहमत’ दाबलं. आठवड्याभरात दूरच्या दोन वनस्पतितज्ज्ञांनी आजीचंच म्हणणं उचलून धरलं. मला वर्गात शिकवताना कधी झाला नाही एवढा आनंद झाला.

मग दर बाजाराला मी तिच्या शेजारी पोत्यावर बसू लागले. तिला अक्षरओळख नव्हती. मी फोटो दाखवायचे, ती बोलायची, मी लिहायचे. कोणतं झाड ओढ्याकाठी येतं, कोणतं कातळावर, कोणाच्या पानाला चुरगळल्यावर कसला वास येतो... ती सांगत जायची आणि अॅपच्या नकाशावर ठिपके उमटत जायचे. एकदा मी तिला देशभराचा अख्खा नकाशा दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. “येवढी माणसं झाडाकडं बघतात?” तिनं विचारलं. मी त्या गर्दीकडे पाहत होते खरी, पण थक्क झाले होते ते तिच्याकडे पाहून.

एका सकाळी पूर्वेकडच्या कुठल्याशा डोंगराळ जिल्ह्यातून एका मुलीनं टाकलेला फोटो आला. वेल आणि खणून काढलेला कंद. कॉम्प्युटरनं खाण्याच्या कंदाचं नाव दिलं होतं, दोघं जण सहमतही झाले होते. आजीनं फोन हातातून घेतला.

“पानं मोजली का कुणी? तीन-तीनच हायेत. ह्यो कडू कंद. आमी कापून, वाहत्या पाण्यात दिवसच्या दिवस ठेवून मग खातो. नुसता उकडून खाल्ला तर माणूस जाईल. लिवा बाई, लवकर लिवा!”

मी लिहिलं. फोटो ताजा होता. आजीनं पुढ्यातल्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं: ‘पातेलं चुलीवरून उतरवलं. घरात लहान भाऊ आहे. धन्यवाद, सर.’

मी वाचून दाखवलं. आजीनं पदरानं तोंड पुसलं आणि ती हसली. “सर कोन?”

मी ओशाळले. इतके दिवस सगळं माझ्या खात्यावरून, नुसत्या आडनावाखाली चाललं होतं. तिचं ज्ञान माझ्या नावावर जमा होत होतं आणि मला ते कधी खटकलंही नव्हतं. त्याच दुपारी मी तिच्या नावाचं खातं उघडलं. फोटो काढायचा म्हणून तिनं केस नीट केले, डोक्यावरून पदर घेतला. पुढच्या काही वर्षांत त्या नावानं कितीतरी जणांशी असहमती दर्शवली. मोठमोठ्या पदव्यांची माणसं तिला प्रश्न विचारू लागली. माहीत नसेल तर ती सरळ म्हणायची, “नाय म्हाईत. आमच्या रानात नाय ह्यो.” हे वाक्य लिहिताना मला तिचा सगळ्यात जास्त अभिमान वाटायचा.

शेवटच्या आजारात बाजार सुटला, पण मी वाडीवर गेले की फोन मागायची. मग तेही थांबलं.

परवा मी तिचं खातं उघडलं. बंद करावं का, ठरत नव्हतं. एक निरोप येऊन पडला होता. गेल्या वर्षी कुणीतरी नुसत्या पानांचा फोटो टाकला होता आणि आजीनं माझ्याकडून लिहून घेतलं होतं, ‘पानावरून सांगता येत नाही. फूल आलं की दाखवा.’ आता त्याखाली एका पिवळसर फुलाचा फोटो होता आणि हिंदीत एक ओळ: ‘आजी, फूल आलं. आता सांगाल?’

मी खूप वेळ ते फूल पाहिलं. मला ओळखता आलं नाही. शेवटी लिहिलं, ‘आजी गेल्या. मी त्यांचं सांगणं लिहून घ्यायचे. मला हे फूल माहीत नाही.’

संध्याकाळी उत्तर आलं: ‘वाईट वाटलं. फोटो राहू देतो. त्यांच्यासारखं कुणीतरी कुठेतरी असेलच.’