गभणेसाहेबांचा एक दिवसाचा परवाना

गभणेसाहेबांचं घर माझ्या घरापासून चौथं. तरीही ते गेल्याची बातमी मला फ्रान्समधून कळली. मी त्या दिवशी तुमसरला भाच्याच्या वास्तुपूजेला गेलो होतो. पंगतीत बसलो असताना फोन वाजला. स्वाती, साहेबांची एकुलती एक मुलगी. म्हणाली, "काका, तुम्ही आधी घरी जा. आई एकटी आहे. बाबा..." पुढचं तिला बोलता आलं नाही आणि मलाही ऐकायची गरज उरली नाही. पानातली बुंदी तशीच टाकून मी भंडाऱ्याची एसटी धरली. सकाळची पूजा आटोपून साहेब खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच गेले. त्यांच्या धाडीही अशाच असायच्या, आधी कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. दीड महिना होऊन गेला त्याला.

दामोदर गभणे दारूबंदी खात्यात जवान म्हणून लागले आणि दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नाल्यांच्या काठी, तलावांच्या पाळींवर, झुडपांत लपवलेले मोहाच्या सडव्याचे डबे शोधायचे आणि दोन पंचांसमोर मातीत ओतायचे, यात त्यांची सारी नोकरी गेली. सडवा म्हणजे दारू गाळण्याआधी कुजत घातलेली मोहफुलं. त्याचा दर्प एकदा घेतलेला माणूस जन्मात विसरत नाही, साहेबांना तर त्या दर्पाची बाराखडी येत होती. डब्याचं झाकण उघडलं की सडवा किती दिवसांचा, त्यात गूळ पडला की नवसागर, पाणी तलावाचं की विहिरीचं, हे ते उभ्या उभ्या सांगत. एवढं असून जिभेला मात्र एक थेंब लावलेला नव्हता. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेत नसत.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि शनिवारी संध्याकाळी थोडीशी घ्यायचो. ही दुसरी गोष्ट मी तीस वर्षं त्यांच्यापासून लपवली. विलायची, ओवा, बडीशेप, सगळं चघळून झालं. एकदा तर अख्खा कांदा खाऊन त्यांच्या ओसरीवर गप्पा मारायला गेलो. ते काही म्हणत नसत. फक्त खुर्ची जराशी वाऱ्याच्या उलट बाजूला सरकवून बसत.

स्वाती हुशार निघाली. यीस्टवर संशोधन करायला फ्रान्सला गेली. साहेबांनी शब्दकोशात यीस्ट पाहिलं, पाव फुगवायची वस्तू आहे असं त्यांना कळलं, आणि पोरगी पावावर पीएचडी करते म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले. ती प्रयोगशाळा द्राक्षमळ्यांच्या मधोमध आहे आणि ते यीस्ट वाइनचं आहे, हे दोन वर्षांनी उघड झालं. तेही कधी, तर तिथल्याच एका मळेवाल्याच्या मुलाशी लग्न करायचं तिनं ठरवलं तेव्हा. मुलाचं नाव मात्यू. घराणं सात पिढ्यांचं. दगडी घर, घराखाली तळघर, तळघरात पणजोबाच्या वेळच्या बाटल्या. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं, फोटो पाहून मात्यूचं माधव करून टाकलं. साहेब मात्र एवढंच म्हणाले, "माझी पोरगी भट्टीवाल्याच्या घरी जाणार नाही." आणि त्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं.

तसं अगदी बंदही नाही. तिचा फोन आला की काकू स्पीकर लावायच्या आणि साहेब पलंगावर बसून चिठ्ठ्या लिहायचे. स्वातीला तिकडे सारखी सर्दी व्हायची. 'ताप किती', 'डॉक्टरकडे गेली का', 'हळद घालून दूध' अशा चिठ्ठ्या काकूंच्या हातात पडायच्या. काकू वाचून दाखवायच्या आणि वर सांगायच्या, हे मीच विचारून राहिली बरं. दोन वर्षं हे असं चाललं. कोणी मागे हटेना.

शेवटी मुलाचा बापच निघाला. पोरांकडून होत नाही म्हटल्यावर दोन बापांनी समोरासमोर बसावं, असं त्याचं म्हणणं. त्याला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. धान कापून झालं होतं, हवा छान होती, तेव्हा तो, मात्यू आणि स्वाती असे तिघं भंडाऱ्याला आले. सोबत लोकरीच्या कपड्यांत गुंडाळलेली एक बाटली. त्या घरात मूल जन्मलं की त्या सालच्या काही बाटल्या बाजूला ठेवायची रीत आहे, त्या लग्नाच्या बोलणीला उघडायच्या. ही मात्यूच्या सालची, तीस वर्षांपेक्षा जुनी. तळाशी गाळ बसला पाहिजे म्हणून ती एक दिवस उभी ठेवायची होती. काकूंनी ती पाण्याच्या माठाशेजारी ठेवली आणि फडक्यानं झाकली.

मला वाटलं, साहेब बाटली पाहताच उठून जातील. पण पाहुणा दारात आला होता. ते म्हणाले, उद्या चार वाजता उघडू, पण माझ्या घरात परवान्याशिवाय कोणी तोंडाला लावणार नाही. आपल्या राज्यात दारू प्यायलाही परवाना लागतो, हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांचे कागद पिशवीत घेऊन आपल्या जुन्या ऑफिसात गेले आणि रांगेत उभे राहिले. त्यांना तिथं पाहून आतली टंकलेखनाची खटखट थांबली म्हणे. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण धावत आला आणि हळूच विचारू लागला, "साहेब, धाड कोणावर आहे?"

"माझ्यावरच," साहेब म्हणाले आणि अर्ज पुढे केला.

चार वाजता बैठकीत आम्ही सगळे जमलो. स्वाती एका कोपऱ्यात. तिला दुभाषी व्हायचं होतं, पण साहेबांनी काकूंमार्फत कळवलं की ती पक्षकार आहे, तिची साक्ष चालणार नाही. म्हणून बापाचं फ्रेंच मात्यूनं इंग्रजीत आणायचं आणि मी मराठीत, अशी उतरंड लागली. साहेबांनी परवाने वाटले. सगळ्यांचे एका दिवसाचे. माझा हातात आला तर त्यावर 'आजन्म' लिहिलेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मास्तर, एका दिवसाचा तुमाले पुरला नसता," ते शांतपणे म्हणाले.

तीस वर्षांचा ओवा आणि विलायची माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मग लक्षात आलं की घरात स्टीलच्या पेल्यांशिवाय काही नाही आणि पाहुण्यांना काचेचे ग्लास हवे आहेत. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी घरी जाऊन सहा ग्लास घेऊन आलो.

बूच इतकं जुनं की अर्धं तुटलं. पाहुण्यानं पंधरा मिनिटं घालवून, देवाची मूर्ती धुवावी तसं, ते बाहेर काढलं. वाइन ओतली. लाल म्हणावी तर कडेनं विटेसारखी झालेली. साहेबांनी ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच होते. मग एक घोट तोंडात घेतला, या गालातून त्या गालात फिरवला... आणि पान थुंकायला ठेवलेलं पितळी तस्त ओढून त्यात थुंकून टाकला.

काकूंनी कपाळावर हात मारला. स्वाती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी मनातल्या मनात 'सॉरी'ची वाक्यं जुळवू लागलो. तेवढ्यात पाहुणा उठला. साहेबांच्या हातून त्यानं तस्त घेऊन खाली ठेवलं, आपणही एक घोट घेतला, फिरवला आणि दोन हातांवरून बारीक धार नेमकी तस्तात सोडली. मग तो भडाभडा बोलू लागला. मात्यू हसत सांगत होता की वाइन पारखणारे लोक असेच थुंकतात, आणि बाबा म्हणतात, येताना भीती होती की इकडे कोणी गटागटा पिऊन छान छान म्हणेल. इथं तर आपल्याच धंद्यातला माणूस भेटला.

'धंद्यातला' हा शब्द मी भाषांतरात गाळला.

मग दोघं तस्त मधे ठेवून बसले. पाहुण्यानं विचारलं, कसला वास आला. साहेबांनी पुन्हा ग्लास नाकाशी नेला. पहिलं वाळलेलं जांभूळ, म्हणाले. मग जुन्या कातडी पट्ट्याचा. आणि शेवटी तेंदूपत्त्याच्या गोदामाचा, पाऊस येऊन गेल्यावर दार उघडतो ना, तसा. तेंदूपत्त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ऐनवेळी आठवेना. मी 'पानांचं कोठार, पावसानंतर' असं काहीतरी सांगितलं. ते फ्रेंचमध्ये पोचलं तसा पाहुणा मान हलवत राहिला. त्यांच्या तळघरातला सगळ्यात म्हातारा माणूस अगदी हेच म्हणायचा, म्हणाला.

दुसरा घोट साहेबांनी थुंकला नाही. गिळला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, सांगा त्याईले. आजपावेतो मी जेवढी दारू पाह्यली ना, ते सारी घाबरलेली होती. घाईघाईत केलेली, गवतात लपवलेली. हे घाबरलेली नाही."

मी ते जमेल तसं सांगितलं. पाहुणा म्हणाला, महायुद्धाच्या काळात जर्मन सैनिक नेतील म्हणून त्याच्या वडिलांनी तळघरात खोटी भिंत बांधून बाटल्या मागे दडवल्या होत्या. भिंत फोडली तेव्हा त्यातल्या कित्येक बिघडलेल्या निघाल्या. आमचीही एकदा घाबरली होती, तो म्हणाला.

साहेबांनी हे ऐकलं आणि खुर्ची कोपऱ्याकडे वळवली. "स्वाती," ते म्हणाले, "तिकडं थंडी लय असते म्हणतात. तुले स्वेटर पुरतात का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. तिला रडू आवरत नव्हतं. काकू उठून आत गेल्या आणि त्यांनी सहा माणसांचा भात चढवला. लग्न तिथंच ठरलं.

साहेब पुढे एकदा फ्रान्सला जाऊन आले. तळघरातल्या लाकडी पिंपांच्या रांगेत फिरताना त्यांनी एका पिंपाशी थांबून नाक मुरडलं. उघडून पाहिलं तर त्यातल्या वाइनचं व्हिनेगर व्हायला लागलं होतं. आपल्या या इवायाला, म्हणजे व्याह्याला, तो फ्रेंच माणूस तेव्हापासून दर वर्षी बोलवायचा. साहेब जात नसत. पुन्हा थेंबही घेतला नाही त्यांनी. परवाना एकाच दिवसाचा होता, असं म्हणायचे.

तेरवीनंतर स्वाती त्यांचं कपाट आवरत होती. तिनं मला बोलावून एक सरकारी फाइल दाखवली. आत साहेबांच्या वळणदार अक्षरात त्या दुपारचा पंचनामा होता. काचेची बाटली एक, रंग तांबूस, कडा विटकरी, वास वर सांगितल्याप्रमाणे, मालक समक्ष हजर. शेवटी लिहिलं होतं : 'मुद्देमालापैकी शिल्लक राहिलेला भाग मास्तरांचे हस्ते नष्ट करण्यात आला.' ते खरं आहे. खाली दोन पंचांच्या सह्यांची जागा. पंच क्रमांक दोनसमोर त्या फ्रेंच माणसाची लांबलचक सही होती, साहेब तिकडे गेले तेव्हा त्यांनी घेतली असावी. पंच क्रमांक एकसमोर माझं नाव आणि पुढे कोरी रेघ. चार घरांवर राहणाऱ्या माणसाची सही कधीही मिळेल, असं वाटलं असेल...

स्वातीनं पेन दिलं. मी सही केली. तारीख टाकताना हात थांबला, त्या दुपारची टाकावी की काय. पण मागची तारीख साहेबांनी उभ्या नोकरीत कोणाला टाकू दिली नव्हती. मी आजची टाकली.