मॅटवरची मॅट

आमच्या घरात सोफ्याला कव्हर असतं आणि कव्हरवर चादर. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो. त्यामुळे नवी गाडी आली तेव्हा कंपनीची मॅट मळू नये म्हणून मी उल्हासनगरहून दुसरी जाडजूड मॅट आणून तिच्यावरच अंथरली, यात कुणालाच वेडेपणा दिसला नाही. दुकानदारही म्हणाला होता, "भाभीजी, ऊपर से डाल दो, नीचेवाली नयी की नयी रहेगी."

गाडी माझ्या सासऱ्यांची. अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, पण घरात अजून अधिकारीच. त्यांच्या पहिल्या गाडीचा चोक हाताने ओढावा लागायचा, गिअर स्टिअरिंगला होता, हे मी जेवताना इतक्यांदा ऐकलंय की ती गाडी मी डोळे मिटून चालवेन. या नव्या गाडीला क्लचच नाही. "डाव्या पायाला रिटायर केलं लेकांनी," असं ते कुरकुरायचे. लायसन्स माझ्याकडेही होतं, पण किल्ली त्यांच्या खिशात. मागितली की म्हणायचे, "गाडी अजून नवी आहे, सूनबाई." सून जुनी झाली तरी गाडी नवीच.

मग एका रविवारी गाडी सोसायटीच्या फाटकाकडे निघाली ती थांबेचना. वॉचमनच्या खुर्चीचा चुराडा करून खांबाला भिडली. वॉचमन चहाला गेला होता म्हणून वाचला. बाबा एकच सांगत होते, "मी पाय उचलला होता. ब्रेकच दाबला." मेकॅनिकने मॅट मागे सारून पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाला, एकदम ओके. झालं! बिल्डिंगने निकाल दिला की म्हाताऱ्याने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. नवऱ्याने किल्ली काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. मी तोंड पाडून ती घेतली, पण मनात उकळ्या फुटत होत्या.

आठ दिवसांनी पालेगावच्या रस्त्यावर मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि गाडी पळतच राहिली. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, न्यूट्रल केलं, कशीबशी कडेला लावली. वाकून पाहिलं, तर माझी लाडकी मॅट पुढे सरकली होती आणि तिची कड ॲक्सिलरेटरवर चढून बसली होती. मागे ओढली तसं पेडल टुणकन वर आलं.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो मॅट कचऱ्यात टाकून गप्प बसण्याचा. कुणाला कळणार होतं? किल्ली माझ्याकडेच राहिली असती. मॅट डिकीत टाकून मी घरी आले.

बाबा खोलीत एकटेच पलंगाच्या कडेला बसले होते. उजवा पाय फरशीवर दाबायचा, उचलायचा, डावीकडे न्यायचा, पुन्हा दाबायचा, असं चाललं होतं. मला पाहून ओशाळले. "पाय ऐकतो का बघतोय गं. तुम्ही सगळे म्हणता, तर असेलही."

हा माणूस उभ्या आयुष्यात कधी 'असेलही' म्हणाला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली जाऊन मॅट आणली, त्यांच्यासमोर टाकली आणि सगळं सांगून मोकळी झाले. किल्लीही पुढे केली.

त्यांनी मॅट उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे मी पाय उचलला होता."

"उचलला होता, बाबा."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली आणि त्याच्यासमोर तिसऱ्यांदा सांगायला लावलं. किल्ली माझ्या हातात तशीच होती. तिच्याकडे त्यांनी अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.