बारा रुपयांची हाव

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, मला माहीत आहे. पण निदान माझ्या तोंडावर नको. आमच्या यमुनेने हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. भाकरी करपली, दुसरीही करपली, तरी बाईसाहेबांचं हसू थांबेना!

तर काय झालं, की तिकडे सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली, साहेबाच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. मी पुण्याला कारकुनी करत होतो. म्हटलं, लेखणी किती दिवस झिजवायची? बायकोला घेतलं, अमरावती गाठली आणि बैलगाड्यांचा धंदा काढला. आगगाडीचे रूळ अजून इथवर यायचे होते. कापूस न्यायचा तर बैलांनीच. थोड्या गाड्या स्वतःच्या, बाकीच्या भाड्याने. गाडीवानांवर मुकादम म्हणून करीमचाचा. माणसं, बैल, रस्ता, सगळं तेच बघायचे. माझ्याशी चांगलं अदबीचं बोलायचे, त्यामुळे वऱ्हाडी बोलणं माझ्या कानावर फारसं पडतच नव्हतं. हे ध्यानात ठेवा. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

पहिली खेप मी केली एका ओळखीच्या अडत्याची. अंदाजाने भाव सांगितला आणि सपाटून मार खाल्ला. कडबा धरायला विसरलो, बैलांची सरकीची ढेप धरायला विसरलो, चाकांचं वंगण तर स्वप्नातही आलं नव्हतं! तेव्हा मी शपथ घेतली. यापुढे आधी खर्च, मग भाव. आणि एकदा भाव सांगितला की ब्रह्मदेव आला तरी हलायचं नाही.

दुसरं काम आलं ते दौलत पाटलांचं. मोठे शेतकरी, आता स्वतःच कापसाचे व्यापारी झालेले. कापसाचे बोजे अमरावतीहून अकोल्याला त्यांच्या वखारीत पोचवायचे. मी नीट बसून खर्च काढला. मजुरी, चारा, वंगण, आस मोडला तर सुतार, सगळं धरून गाडीमागे नऊ रुपये. माझा नफा तीन. भाव बारा!

"बारा म्हणजे बारा," निघताना यमुनेने बजावलं. "समोरच्याने कपाळाला आठी घातली की तुम्ही लगेच विरघळता."

"मी? आज दगड आहे मी, दगड!"

पाटील आपल्या अंगणात कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते. पलीकडे बायका चरकीवर सरकी काढत होत्या. पाटील धिप्पाड, मिशाळ, आणि बोलायला एकदम कंजूष.

"बोला पंत. काय घ्यान?"

"गाडीमागे बारा रुपये," मी एका दमात सांगून टाकलं.

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं, मान जराशी हलवली आणि म्हणाले, "हाव."

आता मला सांगा, आपल्याकडे हाव म्हणजे काय? लोभ! मी उडालोच. भाव जास्त वाटला तर तसं सांगावं, पण पहिल्याच भेटीत तोंडावर हावरट म्हणायचं? आणि तेही इतक्या शांतपणे?

"हाव कसली, पाटील?" मी म्हणालो. "सगळ्या मुलखाने कापूस पेरलाय, ज्वारी पेरायला कोणी तयार नाही. कडबा केवढा महाग झालाय!"

"हाव," पाटील सुस्कारा टाकून म्हणाले.

पुन्हा तेच! माझ्या कानशिलांना चटका बसला. म्हटलं, हा माणूस मला लोभी समजतोय. दाखवूनच देतो.

"बरं, अकरा!"

पाटलांच्या भुवया कपाळात गेल्या. "हाव का?"

बघा! आता तर उलटा जाब विचारत होते, हाव का करता म्हणून!

"दहा घ्या, दहा! आता तरी समाधान?"

"हाव, हाव."

"नऊ!"

चरकीवरच्या बायकांचे हात थांबले. त्या टक लावून माझ्याकडे बघायला लागल्या. पाटील तर श्वास रोखून बसलेले. नऊ हा माझा निव्वळ खर्च होता हो! पण अब्रूचा प्रश्न आला की हिशेब कोणाला सुचतो?

"आठ!" मी ओरडलोच. "आता जीव गेला तरी कवडी कमी करणार नाही!"

पाटील उठले. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि गहिवरून म्हणाले, "हाव ना भाऊ! हाव!"

हात हातात घेऊन शिव्या देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मंग नाक्याची पट्टी कोनाकडं?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे!"

"अन् तिकडं बोजे उतरवाची हमाली?"

"तीही माझ्याकडे! अजून काही राहिलंय का?"

पाटलांनी क्षणभर विचार केला. "नाई बाप्पा. एवढं लय झालं." आणि त्यांनी मला पान दिलं.

घरी आलो. यमुना दारातच. "बारा ठरले?"

"आठ."

"आठ? अहो, खर्चच नऊ आहे!"

"नाक्याची पट्टी आणि हमाली धरून दहाच्या वर जाईल. पण त्यांनी मला हावरट म्हटलं, यमुने! चारचौघींच्या देखत!"

"म्हणेनात का! हावरट म्हणून कोणी बारा रुपये देत असेल तर दोन्ही हातांनी घ्यावेत!"

पण माझा निर्धार कायम होता. शब्द दिला होता, तेव्हा बोजे अकोल्याला पोचणार, वेळेवर पोचणार, आणि तोटाही मी भरून काढणार! कसा? खर्च छाटून. एका गाडीवानाची मजुरी वाचवायला ती गाडी मी स्वतः हाकायची. रस्त्यात स्वयंपाक करणारा माणूस रद्द. सगळ्यात पुढे मी, मागे वीसेक गाड्यांची रांग, आणि शेवटी करीमचाचा.

"पंत, कधी गाडी हाकलीय?" चाचांनी विचारलं.

"त्यात काय हाकायचं? बैलांना रस्ता माहीत असतो!"

माझ्या बैलांना रस्ता माहीत होता, पण तो अमरावतीला परत यायचा. दर वळणावर ते घराकडे तोंड करत. बडनेऱ्याला पोचेपर्यंत माझे खांदे निखळले आणि घशाला कोरड पडली. विहिरीवर एक म्हातारी पाणी शेंदत होती.

"आजी, घोटभर पाणी मिळेल का?"

"हाव," म्हातारी म्हणाली.

मी गाडीवरून पडायचा राहिलो. घोटभर पाण्यात कसली आलीय हाव? आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. दौलत पाटलाने माझी बदनामी केली होती! पुण्याचा एक हावरट गाडीवाला येतोय म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं! मी ताडकन तोंड फिरवलं आणि तसाच तहानलेला पुढे निघालो. म्हातारी भरलेला पोहरा हातात धरून ओरडत राहिली, "काहून रागावला बाप्पा हा मानूस?"

आता निर्धाराला नवीन फाटा फुटला. बोजे पोचवायचेच, शिवाय सगळ्या वऱ्हाडाला दाखवून द्यायचं की हा गोपाळराव हावरट नाही!

मूर्तिजापूरला एका शेतकऱ्याला विचारलं, "कडबा विकायचा आहे का?"

"हाव."

इथेही बातमी पोचली होती. "किती म्हणता?" मी दात दाबून विचारलं. त्याने भाव सांगितला. मी त्याच्या हातात जास्तच पैसे कोंबले. "घ्या! मला लोभ नाही!" तो बिचारा पैशांकडे बघे, माझ्याकडे बघे, मग पुन्हा पैशांकडे बघे.

आणि मुक्कामावर तर कहर झाला. आपली माणसं थकली आहेत, म्हणून मी प्रेमाने विचारलं, "काय रे, गूळ खाणार का?"

सगळे गाडीवान एका सुरात गरजले, "हाव!"

माझीच माणसं! माझ्याच पगारावरची! मी तिरीमिरीत गुळाची अख्खी ढेप विकत आणली आणि वाटली. वर शेंगदाणे वाटले. दुसऱ्या मुक्कामावर तूप वाटलं. अशा उदार मालकाच्या हाताखाली आपण कधी काम केलं नाही, असं गाडीवान एकमेकांना सांगत होते. इकडे एका माणसाची मजुरी वाचली, तिकडे गुळातुपात तीन माणसांची गेली. पण तेव्हा मी पैशांसाठी लढतच नव्हतो. मी नावासाठी लढत होतो!

असे आम्ही काटेपूर्णेच्या काठाला आलो. नदीत पाणी थोडं होतं. एक माणूस म्हशी धूत होता.

मी विचारलं, "पुढे गाळ आहे का हो?"

तो हात उंचावून जोरात म्हणाला, "हाव!"

"हाव तुझ्या म्हशीला!" असं ओरडून मी आसूड उडवला आणि गाडी थेट नदीत घातली.

दहा पावलं गेलो नसेन, चाकं आसापर्यंत रुतली. बैल गुडघ्यावर बसले. गाडी एका अंगाला कलली आणि वरचे बोजे पाण्याकडे सरकायला लागले. भिजलेला कापूस पाटील घेणार नव्हते. एकेका बोज्याची किंमत माझ्या घरातल्या भांड्याकुंड्यांपेक्षा जास्त होती.

"बोजा धरा! बोजा पाण्यात जाता कामा नये!" मी उडी टाकली. कमरेएवढ्या गाळात उभा राहून खांदा लावला. करीमचाचा धावत आले, गाडीवान धावले, तो म्हैसवालाही धावला. बोजे डोक्यावर घेऊन एकेक करत काठावर नेले. शेवटी त्याच्याच म्हशी जुंपून गाडी बाहेर ओढली. एकही बोजा भिजला नाही. मी मात्र छातीपर्यंत काळा आणि वर गोरा, असा दुरंगी उभा होतो.

करीमचाचांनी धाप टाकत विचारलं, "पंत, त्यानं सांगितलं होतं ना गाळ हाय म्हणून? तरी काहून घातली गाडी?"

"कुठे सांगितलं? त्याने मला हावरट म्हटलं!"

"क्या?"

"हाव म्हणाला तो! तुम्ही ऐकलं नाहीत? सगळं वऱ्हाड मला हाव, हाव म्हणतंय! दौलत पाटलांनी सुरुवात केली, मग ती बडनेऱ्याची म्हातारी, मग..."

करीमचाचा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची दाढी हलायला लागली. मग खांदे. शेवटी ते चाकाला पाठ टेकून खालीच बसले.

"पंत," डोळे पुसत ते म्हणाले, "हाव म्हंजे हो! आमच्या इकडं 'हो'ले 'हाव' म्हणतेत!"

काय सांगू तुम्हाला त्या क्षणाचं! बारा. हो. अकरा. हो का? दहा. हो, हो. सगळं अंगण डोळ्यांपुढे उभं राहिलं. पाटील पहिल्याच शब्दाला कबूल झाले होते, आणि मी कबूल झालेल्या गिऱ्हाइकाशी भांडून भांडून त्याला चार रुपये परत दिले होते! गाडीमागे!

पण मी हरलो नाही. तिथेच नदीत अंग धुतलं, पागोटं बांधलं आणि ठरवलं. अकोल्याला माल उतरवून द्यायचा आणि पाटलांशी सरळ बोलायचं. झालेली चूक ही काही लाज नव्हे. धंद्यात चूक उघड करून मांडावी लागते.

अकोल्याला पोचलो तेव्हा पाटील घोड्यावरून आधीच येऊन वखारीत बसले होते. बोजे तोलले, तपासले. सगळे कोरडे, सगळे बरोबर. पाटील खूश.

मी घसा खाकरला. "पाटील, एक विचारतो. मी पहिल्यांदा बारा म्हटलं, तेव्हाच तुम्ही कबूल होता?"

"हाव."

"मग मी कमी करत गेलो, तेव्हा बोलला का नाहीत?"

"मले वाटलं, तुमच्या पुण्याकडं भाव करायची रीतच तशी असन. मधात बोलनं बरं नाई वाटलं."

मी मग सगळं सांगितलं. म्हातारी, कडबा, गूळ, म्हशी. काहीही लपवलं नाही. पाटील आधी हसले, मग एकदम गंभीर झाले. पिशवी ओढली आणि म्हणाले, "हे काई बरोबर नाई झालं पंत. माल तुमी जिवावर उदार होऊन आनला. मी बारा द्याले तयार होतो, चवदाही देल्ले असते. घ्या, बारानंच हिशेब करू."

जिंकलो! मनात नगारे वाजले. आता हात पुढे करायचा, इतकंच काम उरलं होतं. पण आम्ही पडलो पुण्याचे. कोणी काही देऊ केलं की पहिल्या फटक्यात घ्यायचं नाही, हे आईच्या दुधातून आलेलं. आधी नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, पुन्हा नको म्हणायचं, त्याने शपथ घालायची, आणि मग नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं.

मी दोन्ही हात जोडले. "छे, छे, पाटील! शब्द म्हणजे शब्द. आठ ठरले, आठच द्या."

पाटलांनी माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. आठच्या भावाने रुपये मोजले, आणि पिशवीचं तोंड करकचून बांधलं.

मी उभाच राहिलो. आता विचारतील, मग विचारतील. पाटलांनी पिशवी पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. मी तरी उभाच. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं असावं, की माणूस काहीतरी मनात धरून थांबलाय. त्यांनी गड्याला हाक मारली. गडी मोठा लखलखीत गडवा घेऊन आला, वाफाळत्या म्हशीच्या दुधाने काठोकाठ भरलेला, वर साखर, वेलची. नदीच्या गारठ्याने माझी हाडं अजून वाजत होती.

"दूध घ्यान, पंत?" पाटलांनी प्रेमाने विचारलं.

"नको, नको," माझ्या तोंडून गेलं.

"बरं," पाटील म्हणाले, आणि सगळं स्वतः प्यायले.