मावसाजींचे आठ दिवस

घाईच्या वेळी नेमकं बिनकामाचं काम शोधून काढण्यात आमच्या मावसाजींचा हात धरील असा माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही. मावसाजी म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. धामणगाव बढ्याला त्यांची थोडी शेती, तिच्यात वांगी, मिरच्या आणि जमलं तर कांदे. उंची बेताची, आवाज मात्र तीन शेतं ओलांडून जाईल असा. माझ्या साखरपुड्याला ते निघाले, स्टँडवर आले, मावशीला गाडीत बसवलं, आणि कंडक्टर घंटी मारणार तोच खिडकीतून त्यांना दिसलं की समोरच्या गोठ्याबाहेर एक वासरू उन्हात बांधलंय आणि सावलीकडे मान ताणून ताणून दमलंय. मावसाजी उतरले. वासरू कोणाचं, मालक कुठे, काही माहीत नाही. त्यांनी दावं सोडलं, वासरू सावलीत बांधलं, त्याला पाणी पाजलं, आणि तोवर गाडी मावशीला घेऊन आमच्या मोताळ्याच्या वाटेला लागली होती. मावशी एकटीच आली, तीही आल्यापासून दारात उभी. संध्याकाळी, सगळे पाहुणे पांगल्यावर मावसाजी पोचले. मी रुसून बसलो होतो. मला म्हणाले, "मी नसलो त साखरपुडा अडला का बे? वासराचं अडलं होतं."

स्वतःच्या मुलाच्या, संजूच्या लग्नातही तेच. मुहूर्त भरत आला, भटजी माइकवरून 'वरपिता, वरपिता' करून घसा कोरडा करताहेत, आणि वरपिता मांडवामागे बँडवाल्यांना पंगतीत बसवून जिलबी वाढताहेत. मी ओढायला गेलो तर पातेलं माझ्याच हातात दिलं. "अक्षता टाकाले चारशे लोक उभे हायेत. यायले सकाळपासून कोणी पाणी तरी इचारलं का?" अक्षता पडल्या तेव्हा वरपित्याच्या बाह्या पाकात भिजलेल्या होत्या. मावशी महिनाभर बोलली नाही. फोटोवाल्याने मात्र त्यांचे चांगले पाच फोटो काढले, सगळे पाठीमागून.

तर अशा या माणसाच्या छातीत एके दिवशी दुखलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बायपास करावी लागेल, आठ दिवसांनी या, तोवर दगदग नको, आणि घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी आटपून घ्या. डॉक्टर धीर देतच बोलले, पण त्यातलं न बोललेलं सगळ्यांना ऐकू आलं. संजू पुण्याहून रजा टाकून आला. येताना बँक, सातबारा, नॉमिनेशन अशी मोठी यादीच घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बापाला शोधायला निघाला तर मावसाजी आठवडी बाजाराच्या मैदानात! मधोमध प्लास्टिकची खुर्ची, डोक्यावर छत्री, आणि त्यांच्याभोवती बासष्ट वर्षांची आमची मावशी सुनेच्या जुन्या स्कूटीवरून गोल गोल फिरते आहे.

दगदग नको म्हणून ते खुर्चीतून उठत नव्हते. पण ओरडू नका असं डॉक्टर म्हणाले नव्हते. "समोर पाय, चाकाकडं नको! चाक कुठी पळून नाही जाऊन राह्यलं!" मावशीने काष्टा आवळलेला, ओठ मिटलेले. पहिले दोन दिवस तिला फक्त उजवीकडेच वळता येत होतं, त्यामुळे घरी जायचं म्हटलं की गावाला अर्धा फेरा पडायचा. तिसऱ्या दिवशी ती थेट कडब्याच्या गंजीत शिरली. गाडी निम्मी आत, मावशी पूर्ण आत.

"अवो, मी ब्रेक म्हणलं होतं!" मावसाजी खुर्चीतून ओरडले.

कडब्यातून आवाज आला, "थांबली ना गाडी? मंग काऊन बोंबलता?"

संजूने मला फोन केला. "तूच समजाव रे. यादीतलं एकही काम झालं नाही." मी मोताळ्याहून गेलो आणि मैदानात त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसलो. म्हटलं, "मावसाजी, आधी ती कामं उरकून घ्या ना. गाडीचं काय एवढं?"

ते मावशीकडे बघत राहिले. मग एकदम हळू आवाजात बोलले. इतका हळू आवाज त्यांच्याकडे आहे हे मला तेव्हा कळलं.

"तुही माय मोताळ्यात. हिची सख्खी बहीण. वीस-बावीस किलोमीटर. ही म्हने, नेता का? मी म्हनो, पुढच्या हप्त्यात. चाळीस वर्सं पुढचाच हप्ता चालू हाय. आता माह्याजवळ एकच राह्यला. सह्या त मी खाटेवर पडून बी करन. मी नसलो त पोट्टा नेईनच, पन त्याच्या सुट्टीच्या हिशोबानं. हिनं इच्छा झाली का निघाव." आणि लगेच मूळ आवाजात, "डावीकडं! डावा हात इसरली का!"

सातव्या दिवशी सकाळी माझ्या दारात हॉर्न वाजला, तो वाजतच राहिला, कारण तो थांबवायचं मावशीला सुचेना. मागे मावसाजी, दोन्ही हातांनी सीट धरून, चेहरा पांढराफटक. आई धावत आली. दोघी बहिणी रस्त्यातच गळ्यात पडल्या. मावसाजी ओट्यावर टेकले, छातीवर हात ठेवून मला म्हणाले, "डॉक्टरले सांगजो, दिल मजबूत हाय. हिच्या मांगं बसून बी बंद नाही पडलं."

त्या संध्याकाळी त्यांनी संजूच्या सगळ्या कागदांवर सह्या केल्या, एकही न वाचता. ऑपरेशन नीट झालं. पुढे तीन वर्षं ते मावशीच्या मागे बसून दर आठवड्याला आमच्याकडे आले, वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना मोठमोठ्याने सूचना देत. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

तेराव्यानंतर दीड महिन्याने मावशी एकटी आली. आईशी बोलली, चहा घेतला, ऊन उतरायच्या आत निघाली. मी गाडी वळवून दिली आणि विचारलं, "मावशी, एकटीला भीती नाही वाटत?"

"भीव कायचं?" ती हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. मग मागच्या सीटवरून एकदा हात फिरवला. "गाडी लय हलकी लागते रे, एवढंच."

आणि डावीकडे अगदी व्यवस्थित वळून ती निघून गेली.